लख्ख रुपया आणि चांगला रुपया

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांचा चांदीचा रुपया अजून सापडतो. देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याशेजारी. लक्ष्मीपूजनाला तो ताटात येतो, पंचामृताने न्हातो आणि त्याआधी चिंचेने नाहीतर दंतमंजनाने घासून लख्ख केला जातो. पूजेबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. माझा आक्षेप आहे तो घासण्याला.

मी गोव्यात सरकारी कारकुनी करणारा माणूस. आत्या लग्न होऊन दांडिया बाजारात गेली, म्हणून बडोद्याला जाणे-येणे. आमच्याकडे दों लुईशचा 1881 चा 'रुपिया', त्यांच्याकडे महाराजांचा रुपया. दोन्ही हाताळून एक गोष्ट ध्यानात आली. नाणे किती 'चांगले' हे ठरवताना आपली माणसे एकच प्रश्न विचारतात: चमकते का? हा प्रश्नच चुकीचा आहे.

झीज वेगळी आणि इजा वेगळी. झीज म्हणजे नाणे बाजारात फिरल्याची खूण. ती आधी उंच भागावर दिसते. महाराजांच्या रुपयावर गाल आणि पगडीच्या घड्या बघाव्यात. घड्या सुट्या मोजता आल्या तर नाणे फारसे फिरलेले नाही. घड्या एकमेकींत मिसळल्या पण मागच्या बाजूची तलवार आणि संवत स्वच्छ वाचता येतो, तर मध्यम. चेहऱ्याची नुसती आकृती उरली तर ते नाणे भरपूर कष्टलेले. त्यात कमीपणा कसला? (संवतातून 57 वजा केले की साधारण इसवी सन मिळते. 1949 बघून नाणे पंडित नेहरूंच्या काळातले समजणारे गृहस्थ मला भेटले आहेत!)

इजा म्हणजे माणसाने केलेली. माळेत ओवायला पाडलेले भोक, डाग देऊन बसवलेले आणि पुढे कानसून काढलेले नाके, सराफाने पारखताना मारलेली खूण. घासणेही यातलेच, पण ते कोणी इजा मानत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. नाणे कडेला धरून दिव्याखाली हळूहळू कलते करावे. टांकसाळीतली मूळ झळाळी असेल तर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. घासलेल्या नाण्यावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात आणि चमक जागची हलत नाही. अक्षरांच्या खाचांतला काळेपणा ही घाण नव्हे. हवेतल्या गंधकाने चांदीवर धरलेली ती साय आहे आणि ती धरायला वर्षानुवर्षे लागतात. चिंचेला दोन मिनिटे पुरतात.

हल्ली प्लास्टिकच्या बंद डबीत 70 पैकी गुण देऊन नाणी विकली जातात. ही पट्टी शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने 1949 मध्ये मांडली, तीही तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. हिशेब असा की 70 गुणांच्या नाण्याची किंमत 1 गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट! म्हणजे मुळात ती भावाची पट्टी. तिच्यातही घासलेल्या नाण्याला सहसा गुण देत नाहीत, डबीवर नुसते 'साफ केलेले' असे लिहितात. एवढे मला पटते.

मात्र हीच पट्टी बाबाशाही रुपयाला लावतात तेव्हा राहवत नाही. महाराजांचा छबीचा रुपया यंत्रावर पडला, 1891 च्या सुमारापासून. त्याआधीचे बडोद्याचे रुपये हातोड्याने पाडलेले. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे मजकुराचा काही भाग चकतीबाहेरच राहायचा. राजाच्या नावाचे नागरी आद्याक्षर आणि तलवार नीट उमटली असेल तर तो उत्तम बाबाशाही. त्याला 'अर्धवट', 'वाकडा' म्हणून भाव पाडणारा व्यापारी एकतर अडाणी असतो किंवा फार हुशार.

मध्यंतरी आत्याच्या मुलीने सात रुपये पारखायला नेले. दुकानदाराने एकत्र वजन करून मोडीचा भाव सांगितला. 2025 मध्ये चांदी किलोला लाखाच्या पुढे गेल्यामुळे तो आकडाही मोठाच वाटला. वर 'काळे पडलेत, घट धरावी लागेल' हेही ऐकवले. काळेपणाने वजन घटत नाही! त्या सातांत दोन बाबाशाही होते आणि एका छबीच्या रुपयावर पगडीच्या घड्या अजून सुट्या होत्या. वितळवले की सातही सारखेच. तिने विकले नाहीत, पण तशी विचारणा करून गप्प तराजूवर ठेवणारी घरे किती असतील?

घासूनच पूजा करायची असेल तर आधीच भोक पडलेला, झिजलेला एक रुपया त्यासाठी ठेवावा. लक्ष्मी काही भिंग घेऊन बसत नाही. बाकीचे कोरड्या कागदी पाकिटात सुटे सुटे ठेवावेत. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत नकोत, तिने नाणी चिकट होऊन हिरवी पडतात. आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहावे, हा रुपया घरात कोणाकडून आला. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. सातांपैकी चार कोणाचे ते तिला सांगता आले.