शंभर टक्के निकालाचा हिशेब

माध्यमिक शालान्त परीक्षेचा निकाल लागला की शहरांच्या चौकाचौकांत फलक झळकू लागतात. परीक्षा मंडळाने गुणवत्ता याद्या प्रसिद्ध करणे केव्हाच बंद केले. खाजगी शाळांनी मात्र आपापल्या याद्या रंगीत छापून ती उणीव भरून काढली आहे. मुलांच्या परिश्रमांचे कौतुक अवश्य व्हावे. प्रश्न आहे तो शाळेच्या श्रेयाचा.

कारखान्याची कार्यक्षमता ठरविताना केवळ बाहेर पडणारा माल पाहून भागत नाही. आत कोणता कच्चा माल आला, हेही पाहावे लागते. ज्याचे आईवडील पदवीधर, ज्याला घरी अभ्यासाची खोली आणि संध्याकाळी शिकवणी, त्याच्या नव्वद टक्क्यांत शाळेचा वाटा किती? आणि ऊसतोडीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मुलाने मिळविलेल्या साठ टक्क्यांत किती? या दोन प्रश्नांची उत्तरे फलकावर सापडत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. उत्तीर्णांची टक्केवारी परीक्षेस बसलेल्यांवर काढली जाते, आठवीत नाव असलेल्यांवर नव्हे. नववीत मागे पडलेल्या मुलाच्या पालकांना बोलावून 'दाखला घेऊन जा, सतरा नंबरचा फॉर्म भरा' असे सुचविणाऱ्या शाळा आहेत. मूल बाहेरून परीक्षेस बसते आणि शाळेचा निकाल निष्कलंक राहतो.

खाजगी शाळा म्हणजे सदैव धनिकांची सोय, असे मात्र नव्हे. १९१९ साली काले येथे स्थापन झालेली रयत शिक्षण संस्थाही सरकारी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीरावांच्या नावे मोफत, निवासी हायस्कूल काढले. ज्यांना कोणी घेत नव्हते त्यांना घेणे, हीच त्या शाळेची गुणवत्ता होती. त्याही आधी, १८८२ साली, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे दाखवून दिले होते की सरकारी उत्पन्न रयतेच्या श्रमातून येते आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो.

शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून विनाअनुदानित खाजगी शाळांतील पंचवीस टक्के प्रवेश दुर्बल व वंचित घटकांसाठी राखून ठेवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला. हक्क वाचला, परंतु तो अपुराच आहे. कायद्याची हमी सहा ते चौदा वर्षे वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. नववीच्या उंबरठ्यावर त्याच मुलाच्या हाती पूर्ण शुल्काचे बिल पडते. आठ वर्षे एका बाकावर बसलेल्या दोघांपैकी एक पुढे जातो, दुसरा शाळा शोधत फिरतो. शालान्त परीक्षेच्या दोन वर्षे आधीच ही अदृश्य परीक्षा होते आणि तीत बुद्धीची नव्हे, बापाच्या मिळकतीची तपासणी होते.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. मोफत शिक्षणाचा हक्क किमान दहावीपर्यंत वाढवावा आणि शासनाने त्याची प्रतिपूर्ती वेळेवर करावी. प्रत्येक शाळेने दहावीच्या निकालाबरोबर दोन वर्षांपूर्वीच्या आठवीची पटसंख्या, गळालेल्यांची संख्या व त्यांची कारणे जाहीर करावीत. त्याचबरोबर जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या शाळांतील रिक्त शिक्षकपदे भरावीत. कारण पंचवीस टक्के जागा हा सार्वजनिक शाळेला पर्याय होऊ शकत नाही.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम हाताशीच आहे. आपल्या वॉर्डात यंदा राखीव जागेवरून आठवी संपविणारी मुले किती, याची यादी करावी आणि जूनमध्ये त्यांतील प्रत्येक मूल नववीच्या वर्गात बसले की नाही, हे घरोघर जाऊन पाहावे. शाळांच्या फलकांवर जी नावे कधीच येत नाहीत, त्यांची नोंद कोणीतरी ठेवलीच पाहिजे.