शुक्रवारचा गुडघा, रविवारची पाठ

संध्याकाळ झाली की अदलियातील ब्लॉक ३३८ च्या गल्ल्या उजळतात. उपाहारगृहे, कलादालने आणि कॉफीची दुकाने यांमुळे मनामाचा हा भाग परदेशस्थ नोकरदारांच्या आठवडाअखेरीचे हक्काचे ठिकाण झाला आहे. टेबलांभोवती बसलेल्यांपैकी अनेकांनी दिवसाचे आठ-नऊ तास संगणकासमोर काढलेले असतात. एखाद्याच्या गुडघ्यावर सकाळच्या क्रिकेटनंतर बांधलेला पट्टाही दिसतो. भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरातील ओल्या फरशीवर, भरलेली पातेली उचलणारे आचारी उभे असतात आणि दाराशी मोटारसायकल लावून पार्सलची वाट पाहणारी मुले. गुडघा मुरगळला, पाठ धरली, खांदा निखळला, तर या सर्वांना लागणारा उपचार एकच आहे: फिजिओथेरपी. तो किती दिवस आणि किती निश्चिंतपणे मिळेल, हे मात्र दुखापतीच्या स्वरूपापेक्षा ती कोणत्या वारी आणि कोठे झाली यावर अधिक अवलंबून असते.

बहरीनचा कायदा येथे दोन वाटा करतो. कामावर असताना, अथवा कामावर जाता-येताना नेहमीच्या मार्गावर अपघात झाला तर तो सामाजिक विम्याच्या कक्षेत येतो. परदेशी कर्मचाऱ्यासाठीही मालकाला वेतनाच्या ३ टक्के इतका हप्ता या विम्यापोटी भरावा लागतो आणि उपचार व पुनर्वसनाच्या काळात वेतनाइतका दैनिक भत्ता मिळण्याची त्यात तरतूद आहे. याउलट शुक्रवारच्या सामन्यात गुडघा गेला तर हाती उरते ती २०१२ च्या कामगार कायद्यातील आजारपणाची रजा: वर्षाला १५ दिवस पूर्ण वेतनी, पुढील २० दिवस अर्ध्या वेतनी आणि त्यापुढील २० दिवस बिनपगारी. म्हणजे एकूण ५५ दिवस, आणि त्यातही पूर्ण पगाराचे जेमतेम दोन आठवडे. मोडलेल्या हाडालाही जुळून यायला साधारण सहा आठवडे लागतात.

आता शरीराचे वेळापत्रक पाहू. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचा स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पडला. त्याच्या गुडघ्यातील अँटीरिअर क्रुशिएट लिगामेंट आणि मेनिस्कस यांना इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधील टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावलेल्या या खेळाडूपुढे वैद्यकशास्त्राने ठेवलेला मार्ग आणि अदलियातील हौशी क्रिकेटपटूपुढचा मार्ग यांत तत्त्वतः फरक नाही. या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर वेगाने वळण्याच्या खेळात परतायचे तर किमान नऊ महिने थांबावे, अशी आजची धारणा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी-नॉर्वेजियन अभ्यासात आढळले की नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटत होते. सूज आणि वेदना मात्र बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत ओसरतात. धोका नेमका या मधल्या काळात आहे. पाय दुखत नाही म्हणून माणूस मैदानात उतरतो, पण मांडीचा पुढचा स्नायू दुसऱ्या पायाच्या तुलनेत अजून क्षीणच असतो.

ही क्षीणता डोळ्यांना दिसत नाही, ती मोजावी लागते. चांगला फिजिओथेरपिस्ट दोन्ही पायांची ताकद, एका पायावरच्या उडीचे अंतर, उतरताना गुडघा आत वळतो का, हे तपासून मगच परवानगी देतो. दुर्दैवाने अनेक दवाखान्यांत उपचाराचा पुष्कळसा वेळ यंत्रांचे शेक आणि विद्युत्तरंग यांत जातो, आणि विमा कंपनीने मंजूर केलेल्या मोजक्या बैठका त्यातच संपतात. रुग्णालाही ते आवडते. पडून राहिले की काम झाले. व्यायामाचा घाम त्याला उपचार वाटत नाही. स्नायू आणि कंडरा मात्र भारानेच बळकट होतात आणि त्याला किमान सहा ते बारा आठवड्यांचा क्रमशः वाढता भार लागतो.

कंडऱ्याच्या दुखण्याचे मराठी वाचकाला सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे सचिन तेंडुलकरचे कोपर. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'टेनिस एल्बो'ने त्याला २००५ च्या मे महिन्यात लंडनमध्ये शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढत तो परतला. नावात टेनिस असले तरी हा विकार खेळाडूंपेक्षा हाताने काम करणाऱ्यांत अधिक आढळतो: पाना फिरवणारा मेकॅनिक, दिवसभर जड कढई झटकणारा आचारी, माउस घट्ट धरून बसणारा लेखापाल. बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही, पण काही महिने भार कमी-जास्त करण्याची मुभा लागते. लेखापालाला ती मागता येते. आचाऱ्याने "उद्यापासून कढई हलकी द्या" असे म्हटले तर त्याच्या जागी दुसरा उभा राहण्याची भीती असते. शिवाय अशी हळूहळू जडलेली इजा 'अपघात' नसते; तिला तारीख नसते, साक्षीदार नसतो, त्यामुळे विम्याच्या अर्जात ती बसवणेच अवघड.

पाठदुखीचेही तेच. २०२० मध्ये जगभर ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असे आंतरराष्ट्रीय आजारभार अभ्यासाने नोंदवले आहे. सुशिक्षित नोकरदार यात एक वेगळी चूक करतो. तो आधी एमआरआय काढतो, अहवालातील 'डिस्क बल्ज' हे शब्द वाचतो आणि हालचाल थांबवतो. वास्तविक कोणतीही वेदना नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या मणक्यात असा फुगवटा दिसतो. वय वाढेल तसे हे प्रमाण वाढत जाते. पायात बधिरता, ताकद जाणे, लघवी-शौचावरील नियंत्रण सुटणे अशी लक्षणे असतील तर तातडीने डॉक्टर गाठलाच पाहिजे. एरवी अंथरुणाला खिळण्यापेक्षा झेपेल तेवढे चालत राहणे हितकर, हे आता निर्विवाद आहे. ताज्या मुरगळण्यावर बर्फ आणि सक्तीची विश्रांती हा १९७८ पासून रूढ झालेला मंत्रही त्याच्या अमेरिकी प्रवर्तकाने, डॉ. गेब मर्किन यांनी, पुढे स्वतःच मागे घेतला.

आखातातील मराठी कुटुंबांत या सर्वांवर एक ठरलेले उत्तर असते: "सुट्टीत गावी गेल्यावर बघू." त्यामागे कारणही आहे. मुंबईत केईएम रुग्णालयातील फिजिओथेरपी विद्यालय पन्नासच्या दशकाच्या आरंभी सुरू झाले, पाठोपाठ १९५५ मध्ये हाजी अलीची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था आली. तेव्हापासून महाराष्ट्रात या विद्येची परंपरा रुजली, आणि खर्चही कमी. पण तीन आठवड्यांच्या सुट्टीत एक लग्न, एक वास्तुशांत आणि बँकेची कामे उरकताना बारा आठवड्यांचा व्यायाम कसा बसायचा? गावच्या फिजिओने दिलेला कागद विमानात परत येतो आणि बहरीनच्या घरात फ्रीजवर चिकटतो. तो येथील परवानाधारक फिजिओथेरपिस्टकडे नेऊन पुढचे टप्पे त्याच्या देखरेखीखाली करणे, हा साधा मार्गही क्वचितच अवलंबिला जातो.

प्रतिबंधाचे गणित याहून स्वस्त आहे. फुटबॉलसाठी 'फिफा ११+' हा वीस मिनिटांचा सराव तयार झाला. धावणे, तोल सांभाळणे आणि मांडीच्या मागच्या स्नायूचे बळ यांवर त्याची मांडणी आहे आणि नियमित करणाऱ्या संघांत दुखापती एक-तृतीयांशाच्या आसपास घटल्याचे चाचण्यांतून दिसले. शुक्रवारी सकाळी रिकाम्या भूखंडावर जमणारे कार्यालयीन संघ मात्र गाडीतून उतरून थेट गोलंदाजीला लागतात. पाच दिवस खुर्चीत आखडलेली पाठ आणि पहिल्याच षटकात पूर्ण वेग, हे समीकरण चाळिशीत फार काळ टिकत नाही.

कामाच्या ठिकाणचा प्रतिबंध मात्र एकट्याच्या इच्छेवर चालत नाही. बहरीनने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करण्यास असलेली बंदी २०२५ पासून दोनऐवजी तीन महिन्यांची केली, १५ जून ते १५ सप्टेंबर. हे पाऊल स्वागतार्ह आहे. उष्णतेने थकलेले शरीर घसरते, चुकते, जखमी होते. पण हा नियम उन्हातल्या कामापुरता आहे. अदलियातील स्वयंपाकघरे छताखाली असल्याने शेगडीजवळचा उकाडा, निसरडी फरशी आणि पन्नास किलोचे तांदळाचे पोते या बंदीच्या बाहेर राहतात. पोते दोघांनी उचलावे, फरशीवर घसरणरोधक चटई टाकावी, पाळीच्या मध्यावर बसायला स्टूल ठेवावे, यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. आणि अशा उपाहारगृहांचे व्यवस्थापक, हिशेबनीस किंवा मनुष्यबळ अधिकारी म्हणून काम करणाऱ्यांत मराठी माणसेही आहेत. आचारी घसरला तर अपघाताची लेखी नोंद त्याच दिवशी करून घेणे त्यांच्याच हातात असते. ती राहिली, तर रविवारची पाठ शुक्रवारचीच धरली जाते आणि त्याच्या वाट्याला आजारपणाच्या रजेचे उरलेले दिवस येतात.