झाड आपले, परवानगी कुणाची?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या परसात एक जुना फणस आहे असे समजा. जमीन तुमची आणि झाड आजोबांनी लावलेले. घर वाढवायचे म्हणून ते तोडायचे ठरले. लगेच कुऱ्हाड चालवता येईल का?

नाही. आपल्या पिंगुळीसारख्या खेड्यांना १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू आहे. त्यात सोळा जातींची यादी दिली आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ ही त्यातली काही नावे. उर्दूत आपण ज्यांना कटहल आणि इमली म्हणतो, तेच फणस आणि चिंच. खाडीकाठची कांदळवनेही यादीत आहेत. यातले झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. झाड वाळलेले असेल, वादळात पडले असेल किंवा घरावर कोसळण्याची भीती असेल, तर परवानगी मिळू शकते.

आता ही यादी पुन्हा वाचा. तिच्यात वड नाही, पिंपळ नाही, उंबरही नाही! शहरांसाठी १९७५ चा निराळा कायदा आहे. तेथे २०२१ पासून पन्नास वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष मानतात. मग आपल्या खेड्यातल्या शंभर वर्षांच्या वडाने काय गुन्हा केला? मला हा भेद पटत नाही.

दंडाचेही तसेच. या कायद्यात जास्तीत जास्त दंड एक हजार रुपये होता. लाकडाच्या व्यापाऱ्याला त्याची काय भीती? २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो पन्नास हजार करण्याचे ठरवले, तेव्हा कोकणातून विरोध झाला. विरोध करणारे सगळेच झाडांचे वैरी होते असे समजू नका. येथले बरेचसे रान खासगी मालकीचे आहे. मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणात शेतकरी चार खैर विकतो. परवानगीच्या खेपा नकोत म्हणून उद्या त्याने खैराचे रोपच उपटून टाकले, तर कायद्याने काय वाचवले?

म्हणून माझे मत असे: स्वतः लावलेल्या झाडाची परवानगी गावातच आणि ठरलेल्या दिवसांत मिळावी. जुन्या वडापिंपळांची नोंद मात्र ग्रामपंचायतीने करावी आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय त्यांना हात लावू देऊ नये.