काचेच्या टाकीतले गवत

आमच्या धाकटीने ईदीच्या पैशांतून मासे नव्हे, रोपे आणली. व्हॅलिसनेरियाची सहा रोपे. फितीसारख्या लांब पानांची, गवतासारखी दिसणारी ही पाणवनस्पती. आम्ही हौसेने ती वाळूत चांगली खोल रोवली. दहा दिवसांत पाने पारदर्शक होऊन विरघळू लागली. दादी म्हणाल्या, "पाणी नासेल, मासे मरतील." आम्ही सगळी उपटून फेकली. पोरगी दोन दिवस टाकीकडे फिरकली नाही.

घाई आमचीच झाली होती. नव्या पाण्यात आल्यावर या रोपाची जुनी पाने पुष्कळदा गळतात. मुळे शाबूत असतील तर मधून नवी पात फुटते. कुजलेली पाने तेवढी कात्रीने काढायची, रोप हलवायचे नाही. दुसरी चूक खोल लावण्याची. पांढरी मुळे संपून हिरवी पाने सुरू होतात, तो भाग वाळूच्या वरच हवा; गाडला की सडतो.

बाकी लाड फारसे नाहीत. दोन-अडीच इंच बारीक वाळू, सात-आठ तास दिवा. जास्त वेळ ठेवला तर काचेवर शेवाळ चढते. बोअरच्या जड पाण्याला आपण नाक मुरडतो, याला मात्र ते मानवते. दुकानदार द्रव कार्बनची बाटली गळ्यात मारील. ती घेऊ नका, तिने याची पाने विरघळतात. गोल्डफिश पाळला असेल तर त्याच्यापासूनही जपा, तो पाने कुरतडतो आणि मुळे उकरतो.

दुसऱ्या खेपेला तीनच रोपे आणली. महिनाभर काही हालचाल नाही. दादी रोज विचारायच्या, "जगले का तुमचे गवत?" मग एके दिवशी वाळूवरून हरळीसारखे धावते खोड निघाले, टोकाला बोटभर रोप. आता मागची काच दिसत नाही आणि गप्पीची पिल्ले त्या झाडीत लपून वाचतात.

यात नर रोप वेगळे, मादी वेगळे. नराच्या बारीक कळ्या बुडाशी सुटून पाण्यावर तरंगत येतात. मादीचे फूल लांब देठावर वर येते आणि फळ धरले की तोच देठ स्प्रिंगसारखा वळून त्याला खाली ओढतो. आमच्याकडे गेल्या आठवड्यात असा एक देठ वर आलाय. नर रोप आहे की नाही, हे शोधायला धाकटी रोज शाळेआधी भिंग घेऊन बसते.