आधी तालीम, मग कार्यक्रमपत्रिका

अमेरिकेत व्हरमाँटमधल्या मार्लबरो इथे पियानोवादक रुडॉल्फ सर्किन आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली सुरू केलेल्या उन्हाळी चेंबर संगीत महोत्सवात रसिक तिकीट आधी काढतात. काय वाजणार ते मैफलीच्या जेमतेम आठवडाभर आधी ठरतं. हा ग्राहकावर अन्याय, असं कुणी म्हणेल. मला तो शहाणपणा वाटतो. तंतुवाद्यांच्या चौकडीत ना कंडक्टर असतो, ना लपायला मागची रांग. व्हायोलाचा एखादा स्वर किंचित चढला तरी लगेच उघडा पडतो. अशी रचना तारखेला बांधली की तालमी उरकल्या जातात. इथे सात आठवडे मुरलेले आणि उमेदीचे वादक एकत्र घासतात. बसवलेल्या बहुतेक रचना मंचावर येतच नाहीत. आणि ख्यालाच्या मैफलीला जाताना आपण तरी रागांची यादी कुठे मागतो? खरा आक्षेप पैशांचा: तिकिटांवर हे भागत नाही, देणग्या लागतात. पण इथेच जुळून १९६४ साली उभी राहिलेली ग्वार्नेरी चौकडी २००९ पर्यंत वाजत होती, हेही जमेला धरायला हवं.