भत्ता आहे, पत्ता नाही

‘आपल्याकडे कसला आलाय बेकारभत्ता? ते सगळं तिकडे परदेशात.’ वागळे इस्टेटमधल्या चहाच्या टपरीवर किंवा डोंबिवली एमआयडीसीच्या फाटकावर असं कुणी म्हटलं, तर आसपासचे माना डोलावतात. समजूत इतकी पक्की आहे की ती तपासून पाहावी असंही कुणाला वाटत नाही. आणि ती साफ चुकीची आहे.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, म्हणजे ज्याला सगळे ‘ईएसआय’ म्हणतात त्याची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. विमा असलेल्या कामगाराची नोकरी गेली, तर जास्तीत जास्त ९० दिवस त्याला पैसे मिळावेत, ही तिची कल्पना. आधी ही रक्कम सरासरी रोजाच्या पाव होती. कोविडच्या तडाख्यात, २० ऑगस्ट २०२० च्या बैठकीत ती निम्मी झाली. नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबण्याची अट ३० दिवसांवर आली आणि शेवटच्या मालकामार्फतच अर्ज करायची सक्ती गेली. त्याच्याही आधीची, १ एप्रिल २००५ ची, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद पडला किंवा कपातीत नोकरी गेली, तर तिच्यात पहिलं वर्ष निम्मा आणि दुसरं वर्ष पाव रोज देण्याची तरतूद झाली. एकीकडे तीन महिने, दुसरीकडे दोन वर्षं. फॉर्म कुठला भरायचा हे कामगाराला सांगणारं माणूस मात्र नोकरीच्या शेवटच्या दिवशी समोर नसतं.

यावर दुसरा आक्षेप तयार असतो. सगळं संकेतस्थळावर आहे, मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे. वाचत नाही त्याचा दोष. वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद प्रत्यक्ष अर्जाजवळ आला की गळपटतो.

अटल योजनेच्या पात्रतेचंच बघा. किमान दोन वर्षं विमायोग्य नोकरी हवी. २०२० च्या सवलतीनंतरही, नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तेवढीच. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यांत ठेकेदाराकडून लागलेला कामगार तीच यंत्रं चालवतो, तेच फाटक ओलांडतो; कागदावर मात्र ठेकेदार बदलत राहतात. नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढतो. मग एकाच माणसाची नोकरी दोन क्रमांकांत वाटली जाते आणि संगणकाला त्यातली एकच दिसते. आधार आणि बँक खातं विमा क्रमांकाला जोडलेलं नसेल, आधारवरचं नाव आणि महामंडळाकडचं नाव यांत एका अक्षराचा फरक असेल, तर गाडी तिथेच अडते. या गोष्टी मोबाइलवर वाचून सुटत नाहीत. कचेरीत खेटे घालावे लागतात, तेही रोजंदारीचं नवं काम बुडवून.

त्याहून बारीक खुबी मालकाच्या टेबलावर आहे. दर महिन्याची वर्गणी भरताना एखाद्या कामगाराचे दिवस शून्य दाखवले, तर मालकाला कारण निवडावं लागतं: नोकरी सोडली, निवृत्त झाला, संप किंवा टाळेबंदी, कपात, काम नाही. माणूस काढलेला असतो. हिशेबाच्या वेळी मात्र छापील राजीनाम्यावर सही घेऊन वर्गणीच्या तक्त्यात ‘नोकरी सोडली’ भरलं जातं. राजीव गांधी योजनेला कारखानाबंदी किंवा कपात लागते. अटल योजनेत स्वेच्छानिवृत्ती आणि गैरवर्तनाबद्दलची बडतर्फी बाद. पुढचा सगळा वाद त्या एका सहीभोवती फिरतो, आणि ती करणाऱ्याला तिची किंमत ठाऊक नसते.

तिसरा आक्षेप जुना आहे: फुकट पैसे दिले की माणूस ऐतखाऊ होतो. इथे साधा हिशेब पुरे. १८,००० रुपये पगार असलेल्याच्या वेतनातून दरमहा पाऊण टक्का, म्हणजे १३५ रुपये जातात. मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे ५८५. दोन वर्षांत मिळून १७,२८० रुपये जमा होतात. अटल योजनेचा भत्ता काढताना चार सहामाह्यांच्या एकूण कमाईला ७३० ने भागतात. पूर्ण भरलेल्या दोन वर्षांचा रोज येतो ५९२ रुपयांच्या आसपास, त्याचा निम्मा २९६, आणि ९० दिवसांचे जेमतेम २६,६०० रुपये. तेही आयुष्यात एकदाच. एवढ्यात आळशी होण्याची चैन करता येईल असं डोंबिवलीत घरभाडं भरणारा कुणी म्हणणार नाही. आणि हे फुकट नाही; वर्गणी भरलेल्या विम्याचा दावा आहे.

‘पीएफ आहे ना’, हेही ऐकू येतं. आहे, पण ती कामगाराची म्हातारपणाची पुंजी. ती मोडून आजची चूल पेटवणं याला सुरक्षा म्हणता येत नाही.

आक्षेप घेणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं: ही छत्री लहान आहे. महिना २१,००० च्या वर पगार गेला की माणूस तिच्याबाहेर. डोंबिवलीहून रोज लोकलने जाणारा २५,००० चा कारकून, घरोघर पार्सल पोचवणारा पोरगा, धुणीभांडी करणाऱ्या बाया, नाक्यावर उभे राहणारे मजूर, सगळे बाहेर. रोजगार हमीचा बेकारभत्ता कायद्यात आहे, पण तो ग्रामीण भागासाठी. महापालिकेच्या हद्दीत त्याचा उपयोग नाही. ही पोकळी अफवा भरून काढतात. ‘प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता’, दरमहा ६,००० रुपये, असा संदेश फिरला तेव्हा पत्र सूचना कार्यालयाला तो खोटा असल्याचं जाहीर करावं लागलं. नसलेल्या योजनेची लिंक घरोघरी पोचते आणि असलेल्या योजनेचं नाव कुणाला ठाऊक नसतं. २०२० मध्ये वाढीव भत्त्याचा लाभ सुमारे ४१ लाख कामगारांना होईल असा अंदाज वर्तवला गेला होता. पुढच्या वर्षभरात प्रत्यक्ष लाभार्थी लाखभरही झाले नाहीत. त्यात अटल योजना मुदतवाढीवर चालते, त्यामुळे ती चालू आहे की संपली, याचाही घोळ.

कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्याला नोकऱ्या जाणं नवं नाही. आंबिवली-मोहोन्याच्या नॅशनल रेयॉनला २००९ मध्ये टाळं लागलं आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न दहा वर्षांहून जास्त रेंगाळला. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ च्या कारखान्यांतल्या स्फोटांनंतर डोंबिवलीतले धोकादायक कारखाने हलवण्याची चर्चा झाली, ती योग्यच. पण कारखाना हलला तर त्यातल्या कामगाराने कुठला अर्ज करायचा, हे त्या चर्चेत कुठे आलं?

म्हणून मागणी नव्या योजनेची नाही. माहिती शोधण्याचं ओझं कामगाराच्या डोक्यावरून उतरवण्याची आहे. कॅनडात नोकरी संपली की मालकाला नोकरीचा दाखला द्यावा लागतो; त्यावर कारण असतं आणि बेकारी विम्याचा दावा त्यावरच उभा राहतो. आपल्याकडे सामग्री तयार आहे. वर्गणी कधी थांबली आणि मालकाने कारण काय भरलं, हे महामंडळाच्या संगणकात असतंच. कामगाराचा मोबाइल नंबरही असतो. तिसाव्या दिवशी मराठीत एक संदेश जावा: तुमच्या नावे अमुक कारण नोंदलं आहे, ते चूक असेल तर कळवा, तुम्ही अमुक भत्त्यासाठी अर्ज करू शकता. हिशेबाच्या कागदावर विमा क्रमांक आणि नोकरी जाण्याचं खरं कारण छापणं मालकावर बंधनकारक व्हावं. आणि तोवर युनियनांनी फाटकावर निदान एवढं तरी सांगावं की राजीनाम्यावर सही करण्याआधी तक्त्यात काय भरणार आहात, हे विचारा आणि लेखी घ्या.