रकान्यात न मावणारे नाव

बंगळूरु शहराच्या वायव्य भागात मल्लेश्वरम ही एक जुनी वसाहत आहे. १८९८ मध्ये शहरात प्लेगची साथ पसरली, तेव्हा दाटीवाटीच्या पेठांतील लोकांना मोकळ्या जागी राहता यावे म्हणून ती आखली गेली. तिला नाव मिळाले ते काडु मल्लेश्वराच्या देवळावरून. कन्नड भाषेत ‘काडु’ म्हणजे रान. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात हे देऊळ बांधले, असे मानले जाते. जवळच १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. देवळाची घंटा आणि संगणकाचा कळफलक या दोहोंचा आवाज ऐकणारी ही वसाहत आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

या वसाहतीचे नाव कागदावर लिहिणे सोपे आहे. संगणकाला ते समजावणे मात्र तितके सोपे नाही. रोमन लिपीत काही जण हे नाव ‘श’ या उच्चारासाठी दोन अक्षरे वापरून लिहितात, तर काही जण एकच. म्हणजे एकाच गावाची दोन रूपे झाली. शहराचे इंग्रजी नावही २०१४ साली अधिकृतपणे बदलले. परंतु जुन्या नोंदींत जुने नाव राहिलेच. माणसाला ही सारी रूपे एकाच जागेची आहेत हे सहज कळते. संगणकाला ते कोणी तरी सांगावे लागते. हे सांगण्याचे काम म्हणजेच प्रोग्राम लिहिणाऱ्याचे नित्याचे लहान काम होय.

वेब अ‍ॅप्लिकेशन तयार करताना अशी लहान कामे पदोपदी येतात. अर्जातील नाव तपासणे, पिनकोड बरोबर आहे की नाही हे पाहणे, तारीख योग्य रीतीने दाखविणे, रक्कम लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहिणे, यादी वर्णानुक्रमे लावणे, अशी ती कामे. एकेक काम दहा-वीस ओळींत संपते. त्यामुळे ती क्षुल्लक समजली जातात आणि नवख्याच्या हाती सोपविली जातात. ही समजूत चुकीची आहे. कारण मोठी यंत्रणा कितीही भव्य असली तरी सामान्य माणसाची तिच्याशी गाठ पडते ती या लहान रकान्यांपाशीच. रकाना चुकला तर त्याच्यापुरती सारी यंत्रणाच चुकली.

पिनकोडचेच उदाहरण घ्यावे. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ टपाल अधिकाऱ्यांच्या कल्पनेतून साकारलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. मल्लेश्वरमचा पिनकोड ५६०००३. अंक सहा असावेत आणि पहिला अंक शून्य नसावा, एवढे तपासले की काम झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु एखाद्या मराठी गृहिणीने मोबाइलवर देवनागरी अंकांत पिनकोड लिहिला, तर अनेक प्रोग्राम तो नाकारतात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला असतो. इंग्रजी पाचाचा क्रमांक ५३, देवनागरी पाचाचा २४११ आणि कन्नड पाचाचा ३३०७. डोळ्यांना तिन्ही ‘पाच’ असले, तरी संगणकाच्या लेखी ती तीन निरनिराळी चिन्हे आहेत. देवनागरी आणि इंग्रजी अंकांच्या क्रमांकांतील फरक मात्र शून्यापासून नवापर्यंत सारखाच, म्हणजे २३५८ आहे. तो वजा केला की देवनागरी अंकाचा इंग्रजी अंक होतो. एका ओळीचा हा उपाय. तो न सुचल्यामुळे ‘पिनकोड चुकीचा आहे’ असा ठपका मात्र त्या गृहिणीवर येतो. तिने लिहिलेले अक्षरशः बरोबर असते. चूक प्रोग्रामची असते.

अक्षरे मोजण्याचेही तसेच. ‘मल्लेश्वरम’ या शब्दात वाचणाऱ्याला पाच अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात काने, मात्रा आणि हलन्त ही चिन्हे स्वतंत्र धरली जात असल्याने तीच संख्या दहा होते. ती साठविण्याच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण तीस. ज्याने केवळ इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून वीस बाइटांचा रकाना आखला, त्याच्या रकान्यात हे गाव ‘मल्लेश’ येथेच तुटते आणि पुढे एक अर्धवट, न वाचता येणारे चिन्ह उरते. गावाचे नाव असे तुटले तर हसून सोडून देता येईल. पण परीक्षेच्या प्रमाणपत्रावर माणसाचे नाव तुटले, तर त्याला ते आयुष्यभर सांभाळावे लागते.

माणसांच्या नावांचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने पूर्ण नाव सांगतो. कर्नाटकात व तमिळनाडूत अनेकांना आडनावच नसते. गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर नावाला जोडले जाते. अर्जात आडनावाचा रकाना सक्तीचा केला, की असा माणूस अडतो. मग कोणी तेथे टिंब देतो, कोणी स्वतःचेच नाव पुन्हा लिहितो. पुढे एका कागदावरचे नाव दुसऱ्या कागदाशी जुळत नाही आणि त्याची वणवण सुरू होते. ‘पूर्ण नाव’ असा एकच रकाना ठेवला असता, तर यातील कितीतरी त्रास टळला असता.

गोव्यातील डिसोझा, डिकोस्टा ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वर एक छोटे चिन्ह देण्याची रीत आहे. माहितीसाठ्याला आज्ञा देण्याच्या भाषेत नेमके तेच चिन्ह मजकुराचा आरंभ आणि शेवट दाखविण्यासाठी वापरतात. अर्जातील मजकूर जसाच्या तसा आज्ञेत चिकटविणारा प्रोग्राम त्यामुळे गोंधळतो. नाव मध्येच संपले, असे त्याला वाटते. याच फटीतून एखादा कुटिल मनुष्य नावाच्या रकान्यात स्वतःची आज्ञा घुसवून सारी माहिती चोरू शकतो. यावर ‘असे चिन्ह चालणार नाही’ असे सांगून त्या माणसाला परत पाठविणे, हा उपाय नव्हे. ती आपल्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला देणे आहे. खरा उपाय म्हणजे आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठविणे. त्याची सोय आज वापरात असलेल्या बहुतेक सर्व प्रोग्रामिंग भाषांत आहे. एकाच दुरुस्तीने माणसाचा मानही राहतो आणि माहितीही सुरक्षित राहते.

यावर कोणी म्हणेल की, अशा सर्व प्रश्नांची उत्तरे आता तयार मिळतात; संगणकालाच विचारले तर तो क्षणार्धात ओळी लिहून देतो; मग एवढा विचार कशाला? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. तयार उत्तर घेण्यात कमीपणा नाही. गवंडी विटा स्वतः भाजत नाही आणि शिंपी कापड स्वतः विणत नाही. परंतु वीट पक्की आहे की कच्ची, कापड धुतल्यावर आटेल की नाही, हे मात्र त्यांना ओळखता आलेच पाहिजे. तयार उत्तर कोणत्या तरी दुसऱ्या देशातील, दुसऱ्या लिपीतील गरजेसाठी लिहिलेले असू शकते. ते आपल्या अंगाला बेतते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची असते. ती जबाबदारी कोणतेही यंत्र आपल्या शिरावर घेत नाही.

लहान गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत जगाने एकदा मोजली आहे. संगणकाची स्मृती महाग होती त्या काळात वर्षाचे चारऐवजी शेवटचे दोनच अंक साठविण्याची प्रथा पडली. १९९८ लिहिण्याऐवजी नुसते ९८ लिहिले जाई. वर्ष २००० जवळ आले, तेव्हा १९०० आणि २००० यांतील भेद संगणकाला कळणार नाही, हे ध्यानी आले. मग जगभरातील असंख्य प्रोग्राम ओळीओळीने तपासावे लागले. त्या कामाचा मोठा वाटा भारतीय कंपन्यांना मिळाला आणि बंगळूरु, मुंबई, पुणे येथील तरुणांच्या हातांना काम लाभले. १९८१ मध्ये पुण्यात सुरू होऊन १९८३ मध्ये बंगळूरूला गेलेल्या इन्फोसिससारख्या कंपन्यांची वाढ झाली, ती याच काळात. दोन अंकांची काटकसर जगाला महागात पडली. त्या चुकीतून आपल्याला रोजगार मिळाला हे खरे. पण त्यातून धडा घेतला नाही, तर पुढच्या चुकीचा भार आपल्याच लोकांवर पडेल.

हे काम शिकू इच्छिणाऱ्या प्रौढाला अनेकदा वाटते की, आपली शाळा सुटली, वय वाढले, आता हे क्षेत्र आपले नाही. लहान कामांच्या बाबतीत ही भीती अनाठायी आहे. रांगेत उभे राहून ज्याने अर्ज भरले आहेत, नावातील एका अक्षराच्या फरकाने ज्याने हेलपाटे घातले आहेत, त्याला रकाना कोठे चुकतो हे पुस्तकाबाहेरच्या अनुभवाने ठाऊक असते. त्या अनुभवाला अभ्यासाची जोड मात्र द्यावी लागते. प्रत्येक लहान काम हाती घेताना नेमके काय हवे ते आधी साध्या मराठीत लिहून काढावे. मग कोणकोणती माणसे हा रकाना भरतील, याची यादी करावी. त्या यादीत आडनाव नसलेला माणूस असावा, देवनागरी अंक लिहिणारी गृहिणी असावी आणि घाईत पिनकोडच्या मध्ये जागा सोडणारा विद्यार्थीही असावा. या सर्वांची नोंद नीट झाली, तरच काम पूर्ण झाले असे समजावे.

मल्लेश्वरममध्ये मराठी, कन्नड, तमिळ आणि तेलुगू नावे एकाच रस्त्यावर नांदतात. एका पिनकोडने या सर्वांचे टपाल पोहोचते. टपालवाला कोणाचे नाव लांब म्हणून पत्र परत पाठवीत नाही. त्याच्या अंगी असलेली ही समज प्रोग्राममध्ये यावी, एवढीच अपेक्षा आहे. ती येईल ती मोठ्या घोषणांनी नव्हे, तर दहा-वीस ओळींचे लहान काम मन लावून करणाऱ्या माणसामुळे. माणसाने आपले नाव रकान्याप्रमाणे बदलू नये. रकान्यानेच माणसाच्या नावाला जागा करून द्यावी. हे ज्याला कळले, तोच खरा प्रोग्रामर होय.